प्रकल्प नोंदी: १९३८ चा क्रिकेटर्स सेट, एक चिकटलेली जोडी आणि बारा कार्डांचं ग्रेडिंग

४ जानेवारी

या वर्षी खेळाडूंचं नवीन कार्ड घ्यायचं नाही असं ठरवलंय, आहेत तीच नीट बघायची. इतकी वर्षं जमवत गेले, डब्यात टाकत गेले आणि मागच्या महिन्यात एकाने सरळ विचारलं की तुझ्याकडे नेमकं काय काय आहे, तर मला धड सांगता येईना. ते मनाला लागलं. तर काम असं, एक रजिस्टर करायचं, प्रत्येक कार्डाला नंबर, माप, दोष, कुठून आलं, आणि माझ्या मते ग्रेड, म्हणजे अवस्थेचा १ ते १० मधला आकडा, किती ते पेनाने लिहायचं, पेन्सिलने नाही, म्हणजे नंतर खोडता येणार नाही. मग त्यातली बारा निवडून ग्रेडिंगला, म्हणजे अवस्था तपासून आकडा देणाऱ्या कंपनीकडे पाठवायची आणि परत आली की माझा आकडा आणि त्यांचा आकडा शेजारी शेजारी ठेवून बघायचं.

आज फक्त मोजणी केली. ६१२ निघाली. त्यातली चारशेच्या वर १९८७ ते १९९२ मधली बेसबॉल आणि बास्केटबॉलची, ज्याला सगळे जंक वॅक्स म्हणतात, कारण तेव्हा कंपन्यांनी एवढं छापलं आणि लोकांनी पुढे भाव येईल म्हणून एवढं जपून ठेवलं की आज ज्याच्या त्याच्याकडे तेच आहे. १९५२ च्या टॉप्स कंपनीच्या कार्डांचं बरोबर उलट झालं. शेवटच्या सिरीजचा न खपलेला माल गोदामात पडून राहिला आणि १९६० मध्ये कंपनीच्या साय बर्गरने तो बोटीवर चढवून अटलांटिकमध्ये टाकून दिला, त्यात बेसबॉलपटू मिकी मँटलची कार्डंही होती, आणि त्याच मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. म्हणजे नुसत्या वयाला काही अर्थ नाही, किती उरली आणि कोणत्या अवस्थेत उरली ते बघायचं.

जंक वॅक्स टाकून देणार नाही. डोळा तयार करायला ती फार कामाची आहेत, एकाच कार्डाच्या वीस कॉपी शेजारी मांडल्या की कॉर्नर म्हणजे काय ते कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर कळतं.

११ जानेवारी

आजचा अख्खा दिवस जुन्या अल्बममध्ये गेला. नऊ खणांची जी पानं होती ती पीव्हीसीची, उघडल्या उघडल्या तो वास आला, नवीन रेनकोटसारखा, आणि पान बोटाला किंचित चिकट लागत होतं. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे घालतात ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येतं आणि कार्डाच्या चकचकीत बाजूवर तेलकट थर धरतं. एकवीस कार्डांवर तो दिसला. पुसायला हात गेला होता, थांबवला. पुसलं की ओरखडे, आणि वर पुसल्याची खूण पण राहते.

सगळी काढून पॉलीप्रॉपिलीनच्या पातळ स्लीव्हमध्ये घातली, त्यातली बरी टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या पाकिटात. स्लीव्हमध्ये घालताना कार्डाचा कोपरा स्लीव्हच्या तोंडाला घासतो आणि तिथेच पांढरा होतो, म्हणून तोंड बोटाने जरा फुगवून धरायचं आणि कार्ड तिरकं नाही, सरळ खाली सोडायचं. एवढीशी गोष्ट आहे पण माझे किमान तीन कोपरे गेल्या काही वर्षांत याच घाईत गेलेत. रबरबँड सगळे फेकले.

१८ जानेवारी

आज खरं काम. प्लेयर्स कंपनीचा १९३८ चा क्रिकेटर्स सेट, ५० कार्डं, सिगरेटच्या पाकिटातून यायची ती. ज्या काकांकडून घेतला त्यांनी तो कागदात गुंडाळून दिला होता आणि मी तो तसाच ठेवला होता, उघडून एकेक कधी बघितलाच नव्हता, हे लिहिताना वाईट वाटतं.

सिगरेट कार्डं माझा जीव आहे. विल्सने क्रिकेटर्सचा ५० चा सेट १८९६ मध्येच काढला होता, म्हणजे क्रिकेटची कार्डं हा काही नवा छंद नाही. आणि १९४० मध्ये युद्धामुळे कागद मिळेना म्हणून ही कार्डं बंदच झाली, त्यामुळे १९३८ चा सेट म्हणजे जवळजवळ शेवटच्यातला. त्या वर्षी ऑस्ट्रेलिया इंग्लंडच्या दौऱ्यावर होती, ब्रॅडमन, मॅकेब, ओ'रायली, तिकडून हॅमंड, हटन, कॉम्प्टन, सगळे या पन्नासात आहेत. हातात धरलं तर दोन बोटांएवढं कार्ड, साधारण ३६ बाय ६८ मिलिमीटर, आणि छपाई बघितली तर रंग अजून असे की परवा छापलंय.

आता भानगड. या कार्डांच्या पाठीला गोंद आहे. मुलांनी अल्बममध्ये चिकटवावीत म्हणून कंपनीने मुद्दाम लावलेला, डाकेच्या तिकिटासारखा. ओल लागली की एकावर एक ठेवलेली कार्डं आपोआप चिकटतात. माझी ४८ सुटी आहेत आणि दोन एकमेकांना चिकटलीत. वर केन फार्न्सचा चेहरा दिसतो, खाली पाठ दिसते ती हेडली व्हेरिटीची. म्हणजे फार्न्सच्या पाठीचा गोंद व्हेरिटीच्या तोंडावर बसलाय, आणि व्हेरिटीचं चित्र किती वर्षांत कुणी बघितलं नसेल कोण जाणे.

दोघंही बोलर. १९३८ च्या ओव्हल टेस्टमध्ये हटनने ३६४ काढले तेव्हा दोघं त्याच टीममध्ये होते. फार्न्स १९४१ मध्ये हवाई दलात असताना विमान पडून गेला, व्हेरिटी १९४३ मध्ये इटलीत युद्धकैदी असताना जखमांनी गेला. हे मला आधी माहीत होतं पण दोन्ही नावं एकाच तुकड्यावर मागे-पुढे वाचली तेव्हा बराच वेळ काही सुचलं नाही. जोडी वेगळ्या पाकिटात ठेवली. आत्ता हात लावायचा नाही.

२५ जानेवारी

सेंटरिंगची मापं, म्हणजे चित्र बॉर्डरच्या मधोमध किती बसलंय ते. व्हर्नियर कार्डाला लावायचा नाही, धातू कड दाबतो, म्हणून पारदर्शक पट्टी आणि दहापट भिंग. उदाहरण म्हणून एक नवीन चकचकीत कार्ड, डावीकडची बॉर्डर १.९ मिमी, उजवीकडची १.४, बेरीज ३.३, म्हणजे ५८/४२. नुसत्या डोळ्याने मी ते अगदी मधोमध म्हटलं असतं. पीएसए या ग्रेडिंग कंपनीचा १० हवा तर पुढच्या बाजूला ५५/४५ च्या आसपास लागतं, म्हणजे याचा १० इथेच संपला, कॉर्नर कितीही धारदार असोत. पाठीला सूट जास्त, ७५/२५ पर्यंत चालतं.

माणसं पाठ बघतच नाहीत. मीही बघायचे नाही. आज दोनशे कार्डं झाली, त्यातल्या निम्म्याहून जास्त कार्डांचा मुख्य दोष पाठीवर निघाला, गमचा डाग, कडेचा पांढरेपणा, नखाची रेघ. जुन्या बेसबॉलच्या पाकिटात च्युइंगगम असायचं, त्याचा मेणचट चौकोन त्याला लागून असलेल्या कार्डावर उमटतो.

२ फेब्रुवारी

सरफेस, म्हणजे कार्डाचा पृष्ठभाग. याला वेळ द्यावाच लागतो. खोलीतले बाकीचे दिवे बंद, एकच टेबल लॅम्प, कार्ड डोळ्याच्या रेषेत आडवं धरायचं आणि हळूहळू असं कलवत न्यायचं की दिव्याचा पट्टा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकेल. पट्टा जिथे तुटतो किंवा वाकतो तिथे काहीतरी आहे. माझं आवडतं रिफ्रॅक्टर कार्ड, म्हणजे उजेडात सप्तरंगी चमकणारं, ज्याला मी डोळे झाकून १० म्हटलं असतं, त्याच्या वरच्या उजव्या भागात पट्टा एका ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढा खचला. डिंपल. छपाईच्या वेळीच पडलेला, कुणाच्या हाताचा दोष नाही, पण आहे. सरळ समोरून बघितलं तर पाच मिनिटं शोधूनही सापडत नाही.

रजिस्टरमध्ये ९ लिहिला. पेनाने.

९ फेब्रुवारी

खरं-खोटं बघायचा दिवस. आधी १९३८ ची सगळी कार्डं अंधारात यूव्ही टॉर्चखाली धरली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कागदात पांढरेपणासाठी जे रसायन घालतात ते यूव्हीखाली निळसर-पांढरं चमकतं, त्याआधीच्या कागदात ते नसतं. म्हणजे १९३८ चं म्हणून दिलेलं कार्ड झगझगीत चमकलं तर ते १९३८ चं नाही. माझी ४८ च्या ४८ मंद राहिली. जोडीची दिसणारी बाजूही मंद. जीव भांड्यात पडला. अर्थात न चमकणं म्हणजे अस्सल असा दाखला नाही, जुन्या कोऱ्या कागदावर कुणी छापलं तर ही टेस्ट काही बोलत नाही, म्हणून भिंग लागतंच.

मग फ्लीअर कंपनीचं १९८६ चं मायकल जॉर्डनचं बास्केटबॉल कार्ड. १३२ कार्डांच्या सेटमधलं ५७ नंबरचं, आणि या छंदात ज्याच्या सगळ्यात जास्त नकला झाल्यात त्यातलं एक. कितीतरी वर्षांपूर्वी घेतलेलं. मनात कुठेतरी शंका होती म्हणूनच बहुतेक आजवर भिंगाखाली धरलं नव्हतं. ऑफसेटच्या छपाईत चित्र ठिपक्यांचं असतं पण काळी अक्षरं वेगळ्या प्लेटने भरीव, सलग काळ्या शाईत येतात. खऱ्या कार्डाचा फोटो काढून परत छापला की अक्षरंही ठिपक्यांची होतात, कडा विस्कटलेल्या. माझ्या कार्डावर अक्षरं ठिपक्यांची. शेजारी त्याच सेटमधलं एक साधं, खात्रीचं कार्ड ठेवून तीनदा बघितलं, फरक अगदी स्वच्छ.

विकणाऱ्यालाही माहीत होतं की नव्हतं ते आता कळायला मार्ग नाही. रजिस्टरमध्ये लाल शाईने 'नक्कल' लिहिलं आणि स्लीव्हवर पण लिहिलं, म्हणजे माझ्या नंतर कुणाच्या हातात गेलं तर फसायला नको. टाकणार नाही, तुलनेसाठी यापेक्षा चांगलं साधन मिळणार नाही.

१६ फेब्रुवारी

सह्यांच्या वस्तू चारच आहेत म्हणून एका दिवसात उरकलं. दोन फोटो, एक चेंडू, एक स्कोअरकार्ड. एका फोटोवरची सही भिंगाखाली ठिपक्यांची निघाली, म्हणजे सही असलेल्या फोटोचीच छपाई, पेन त्या कागदाला लागलेलंच नाही. दुसऱ्यावर शाईची रेघ सुरुवातीला बारीक, मध्ये जाड, शेवटी परत उडत गेलेली, जिथे रेघ रेघेवरून जाते तिथे शाई गडद, हे हाताचं लक्षण. नक्कल करणारा सही करत नाही, काढतो, त्यामुळे रेघ सगळीकडे सारख्या जाडीची आणि टोकं बोथट येतात, मध्येच थांबल्याचे बिंदू दिसतात. ऑटोपेन नावाचं मशीनही असतं, त्याच्या दोन सह्या एकमेकांवर ठेवल्या तर तंतोतंत जुळतात, आणि माणसाच्या कुठल्याही दोन सह्या तशा कधीच जुळत नाहीत.

नव्वदच्या दशकात एफबीआयने ऑपरेशन बुलपेन म्हणून मोठी कारवाई केली त्यात खोट्या सह्यांचं अख्खं जाळं निघालं, आणि त्या मालासोबत सर्टिफिकेटंही होती. म्हणून कागद बघून विश्वास ठेवायचा नाही, वस्तू कुणाकडून कुणाकडे आली ती साखळी लिहून काढायची. चेंडूची साखळी माझ्याकडे दोनच कड्यांची आहे, तेवढीच लिहिली, पुढे रेघ मोकळी सोडली.

१ मार्च

किमतीचा तक्ता. इथे एकच पथ्य पाळलं, कुणी किती मागतंय ते बघायचं नाही, कितीला विकलं गेलं तेच बघायचं. शेवटचे सात-आठ व्यवहार घेऊन मधला आकडा धरायचा, सगळ्यात वरचा नाही, कारण वरचा बऱ्याचदा दोन हट्टी माणसांचा असतो, किंवा पैसे दिलेच गेलेले नसतात. तारीख तर हवीच. २०२० आणि २०२१ मध्ये भाव असे उसळले होते आणि ग्रेडिंगला एवढा ढीग लागला होता की मार्च २०२१ मध्ये पीएसएने बहुतेक सेवा काही काळ बंदच ठेवल्या, त्या दिवसांतला भाव आज धरून चालणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

पॉप रिपोर्ट, म्हणजे कोणत्या कार्डाच्या किती कॉपींना कोणता ग्रेड मिळाला त्याची ग्रेडिंग कंपनीची यादी, तोही जपून वाचायचा. लोक ९ चा स्लॅब, म्हणजे कंपनीने कार्ड बंद केलेली प्लॅस्टिकची डबी, फोडून १० च्या आशेने परत पाठवतात, जुनं लेबल परत करत नाहीत, मग एकच कार्ड यादीत दोन-तीनदा मोजलं जातं.

तक्ता झाल्यावर दिसलं की ६१२ पैकी ग्रेडिंगचा खर्च भरून निघेल अशी जेमतेम तीस कार्डं आहेत. बाकीची स्लीव्हमध्येच बरी.

८ मार्च

बारा रवाना. सात १९३८ ची, त्यात ब्रॅडमन आणि ओ'रायली, आणि पाच नवीन. प्रत्येकाचे दोन्ही बाजूंचे स्कॅन, चारही कोपऱ्यांचे मोठे फोटो, माझा आकडा बंद पाकिटात. अर्धलवचिक होल्डरमध्ये घातली, टॉपलोडरमधून काढताना कार्ड अडकतं म्हणून.

१२ एप्रिल

वाट बघण्यात वेळ घालवण्यापेक्षा चिकटलेल्या कार्डांचा सराव. फाटक्या, दुमडलेल्या प्लेयर्स कार्डांचा एक लॉट आधीपासून होता, त्यातल्या तीन जोड्या निवडल्या. टपाल तिकिटंवाले वापरतात तीच पद्धत, घट्ट झाकणाचा डबा, तळाला ओला स्पंज, वर जाळी, जाळीवर कार्ड, पाण्याचा थेंब कार्डाला लागता कामा नये. नुसत्या दमट हवेने गोंद फुलतो. थेट पाण्यात भिजवणारेही आहेत, आणि भिजवणं म्हणजे कार्डात ढवळाढवळ की नाही यावर हौशी लोकांत दोन तट आहेत. मला डबा जास्त सुरक्षित वाटतो.

पहिली जोडी तीन तासांनी ओढली, लवकर झालं, चित्राचा अर्धा भाग निघून आला. दुसरी अकरा तासांनी, जवळजवळ स्वच्छ. तिसरीत एक नवीन अडचण कळली, खालच्या कार्डाच्या पाठीलाही गोंद आहे ना, तो जाळीलाच चिकटला. म्हणजे गोंदाची उघडी पाठ वर हवी आणि वरच्या कार्डाचं चित्र जाळीकडे. हे व्हेरिटीवर कळलं असतं तर?

३ मे

बारा परत आली. पाकीट उघडून शेजारी मांडलं. सात आकडे जुळले, तीन कार्डांत मी एकने जास्त दिले होते, एकात एकने कमी. रिफ्रॅक्टरला ९ च आला, डिंपलवाल्याला. ब्रॅडमनला मी ५ दिला होता, ५ आला.

बारावं, ओ'रायली, ग्रेडशिवाय परत. कारण, माप कमी. लगेच पट्टी काढली. ६६.८ मिमी. बाकीची सगळी ६७.५ ते ६८ मध्ये आहेत. रजिस्टर उघडलं तर ओ'रायलीच्या ओळीत सेंटरिंग आहे, कॉर्नर आहेत, कोपऱ्यांची तर मी तारीफ केलीय, आणि लांबीचा रकाना रिकामा. कोपरे एवढे धारदार का होते त्याचं उत्तर त्या रिकाम्या रकान्यात होतं. आता भिंगाखाली खालची कड बघितली तर बाकी तीन कडांसारखी तिला जुनी मळकट छटा नाही, ताजी पांढरट आहे. कारखान्यातच आखूड कापलं गेलं असं मला वाटत नाही, कुणीतरी झिजलेली कड पातीने उतरवलीय.

जुना बेसबॉलपटू होनस वॅग्नर याचं टी२०६ या सिगरेट कार्डांच्या सेटमधलं ते जगप्रसिद्ध कार्ड आठवलं. पीएसएने १९९१ मध्ये त्याला ८ दिला, २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला गेलं, आणि २०१३ मध्ये कार्डांचा लिलाव करणाऱ्या बिल मास्ट्रोने कोर्टात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा त्यानेच कापल्या होत्या. इतकी वर्षं इतक्या तज्ज्ञ माणसांनी ते हातात घेतलं होतं. माझ्या ओ'रायलीचा कापणारा कोण ते कधीच कळणार नाही, काकांना फोन केला, त्यांनी तो तसाच घेतला होता, त्यांनाही फार वाईट वाटलं. 'तू लिहून ठेव,' एवढंच म्हणाले.

लिहिलं. आणि मग उरलेल्या सगळ्या कार्डांची लांबी-रुंदी मोजायला बसले, रात्री दीड वाजला.

१७ मे

जोडी.

सकाळी सहाला डब्यात ठेवली, फार्न्सचं तोंड खाली जाळीकडे, व्हेरिटीची पाठ वर. दर तासाला झाकण उघडून नुसतं बघत होते. दुपारी चारला एक कोपरा आपोआप किंचित उचलला. तिथे चपटं प्लॅस्टिकचं पातं, धार नसलेलं, सरकवलं, एक मिलिमीटर गेलं, थांबले, परत डब्यात. सव्वासहाला अजून चार मिलिमीटर. जोर लावायचाच नाही, पातं स्वतःहून जाईल तेवढंच. आठ वाजता मधे एका ठिकाणी अडलं, अजून एक तास दमट हवा दिली, आणि नऊ वाजून काही मिनिटांनी दोन्ही कार्डं वेगळी झाली, आवाज सुद्धा आला नाही.

व्हेरिटी. चित्रावर गोंदाची पुसट चमक आहे, पण चेहरा पूर्ण शाबूत. उजेड न लागल्यामुळे रंग बाकी ४८ पेक्षाही ताजे. हाच तो ज्याने १९३२ मध्ये यॉर्कशायरकडून १० रन्स देऊन १० विकेट्स काढल्या आणि १९३४ मध्ये लॉर्ड्सवर एका दिवसात १४. खांद्याच्या मागे, पार्श्वभूमीत, तिळाएवढ्या जागेचा रंग गेलाय, खालचा पांढरा कागद दिसतो.

रंग भरून घेणार नाही. दोन्ही कार्डं टिपकागदात, वर वजन, उद्या संध्याकाळपर्यंत हलवायची नाहीत. टिपकागद आणि गोंदाची बाजू यांच्यामध्ये सिलिकॉनचा कागद, नाहीतर परत तेच.

१९ मे

वाळली, सपाट झाली. दोन्ही मोजली, व्हेरिटी ६७.७, फार्न्स ६७.६. ५० पूर्ण.

रजिस्टरमधली नोंद जशीच्या तशी: व्हेरिटी, पुढे गोंदाचा थर, खांद्यामागे १.५ मिमी रंग उडालेला, फार्न्सच्या कार्डाला चिकटलेलं होतं, १७ मे ला दमट डब्यात १५ तास ठेवून सोडवलं, दुसरं काही केलेलं नाही, माझा आकडा २. फार्न्स, पुढे बरं, कोपरे गोल, माझा आकडा ४, पाठीवर गोंदात व्हेरिटीच्या रंगाचा तिळाएवढा कण, काढलेला नाही.